बर्फाच्या दोन लाद्या

पुस्तकातला माणूस पाव घेतो, मग लोणी घेतो.
कुठल्याशा परदेशी दुकानातला तो माणूस
चौदा वर्षं शिकवतोय मी एमबीएच्या पोरांना.
यंदा कंटाळलो.
स्कूटर काढली, दापोलीहून हर्णैला उतरलो,
बंदरावरच्या रेडीजांकडून
तीन वर्षांची बिलं मागून आणली पेनड्राइव्हवर.
"काय शोधणार यात?" रेडीज म्हणाले.
म्हटलं, तुम्हाला माहीत नाही ते.
ते हसले. सुपारी कातरत राहिले.

वर्गात बत्तीस लॅपटॉप, चालू पंखे तीन.
फळ्यावर दोन शब्द लिहिले, मराठीतून,
कारण इंग्रजीतले पोरांना नुसते पाठ होतात:
आधार, म्हणजे ही जोडी एकूण बिलांत किती वेळा दिसते.
विश्वास, म्हणजे हे घेणारा ते घेतोच, याची खात्री किती.

त्याआधी साफसफाई. ती मी कडक शिकवतो.
दोनदा नोंदलेली बिलं काढा.
'बर्प', 'बरफ', 'आईस', सगळं एक करा.
शून्य रुपयांच्या ओळी म्हणजे चूक. उडवा.

मग नियम बाहेर पडू लागले.
डिझेल घेतो तो बर्फ घेतो
(हे शेंबडं पोरही सांगेल).
नायलॉनची दोरी घेतो तो विड्यांचं बंडल घेतो.
चहापूड आणि डोकेदुखीचा बाम एकाच बिलात,
बोट आठवड्यावर जाणार असेल तर.
नारळी पौर्णिमेच्या आधी पिवळा ऑइलपेंट,
का पिवळाच, ते कुणालाच सांगता येईना.
पोरं खूश. मीही.

सर्वेश भुवडच्या पडद्यावर मात्र एक नियम निराळा.
त्यानं आधाराची मर्यादा फारच खाली ओढली होती
आणि शून्याच्या ओळी उडवायला विसरला होता.
बर्फाच्या दोन लाद्या आणि कापूर घेतो
तो मांजरपाट घेतो, पाच वार.
एकेचाळीस हजार बिलांत एकोणीस.
आधार नसल्यातच जमा.
विश्वास शंभर टक्के.

"कॉम्बो करता येईल, सर," सर्वेश उभा राहिला,
"तिन्ही एकत्र, दहा टक्के सूट..."
दोघंतिघं हसले.
मी वहीत त्याचे दोन गुण कापत होतो, शून्यांचे.

तेव्हा खिडकीशेजारून स्वप्नाली चोगले,
अख्ख्या सत्रात हजेरीपलीकडे जिचा आवाज ऐकला नव्हता:
"तो बर्फ म्हावऱ्याला नाय, सर.
मुंबैवरनं, नायतर दोह्यावरनं मुलगा येईस्तोवर
माणूस ठेवायला लागतो."

कुणीतरी पेनाचं टोपण लावलं, तेवढं ऐकू आलं.

"बारा फेब्रुवारीचं बिल आमचं हाय.
दादा जहाजावर होता. दुसऱ्या दिवशी रात्री पोचला.
रेडीजकाका त्या बर्फाचे पैसे घेत नायत.
कुणाकडूनच."

म्हणजे शून्य ही चूक नव्हती.
तो लावलेला भाव होता.

सर्वेश बसला. लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला.
मी फळ्याकडे वळलो.
'उडवा' हा माझ्याच अक्षरातला शब्द
डस्टरनं पुसला, तर ओलसर हवेत
खडूचा पांढरा पट्टा तिथंच राहिला, जाईना.
तास संपायला अजून वीस मिनिटं होती.
ती कशी गेली, आठवत नाही.
संध्याकाळी सर्वेशचे दोन गुण परत दिले.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
रकाना रिकामा ठेवला.

शनिवारी पेनड्राइव्ह द्यायला हर्णैला गेलो.
लिलाव आटोपला होता,
रेडीजांचा पोरगा बर्फाच्या लादीवर भुसा पसरत होता.
"सापडलं काय?" रेडीज म्हणाले.
"डिझेल घेतो तो बर्फ घेतो," मी म्हटलं.
त्यांनी अडकित्ता खाली ठेवला,
माझ्याकडे जरा वेळ बघितलं.
"आणि ह्याच्यासाठी कालिज काढलंत?"
चहा मागवला.
पैसे मला देऊ दिले नाहीत.