रिकामा निरोप

मिहानमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
पाच कॉम्प्युटर मांडलेत आम्ही.
एक म्हणजे बुटीबोरीचा कारखाना, सलाइनच्या बाटल्या भरणारा.
एक वाडीचं गोदाम.
एक उमरेड-भिवापूर-नागभीडचा रस्ता, खड्ड्यांसकट.
एक गडचिरोलीचं औषधभांडार.
पाचवा नुसती मागणी : हगवण, ताप, उन्हाचे झटके.

प्रत्येकाचं घड्याळ वेगळं.
कारखाना मंगळवारात शिरतो
तेव्हा रस्त्यावर अजून सोमवारची दुपार असते.
म्हणून नियम केलाय :
ज्याच्याकडून काही येऊ शकतं
त्याने सांगितल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.
सांगण्यासारखं काही नसेल, तर तेच सांगायचं,
'साडेचारपर्यंत माझ्याकडून काही नाही.'
दिवसभर तारांतून सगळ्यांत जास्त
हाच निरोप धावतो.

वाडीच्या फाटकावर रोज
चाळीस मिनिटं सांडत होती.
कुठल्याच रकान्यात बसेनात.
तन्वीर म्हणाला, आकड्यांत घोळ आहे.
मी स्कूटर काढली. मे महिना,
तोंडाला दुपट्टा,
अमरावती रोडचं डांबर चाकाला चिकटत होतं.

फाटकाशी उरकुडे. पुढ्यात बटणांचा फोन,
बाजूला माठ, माठावर उपडा जर्मनचा गिलास.
"एक रिंग म्हंजे बुटीबोरी सोडली.
दोन म्हंजे डोंगरगाव गेलं.
दोन वाजल्या का हमाल उठवतो मी,
जेवून आडवे झाले राहतात बिचारे."
आणि गाडी निघालीच नाही तर?
"तरी वाजवते ना जी तो. तीन.
आता नाही येत, हे बी तं सांगाच लागते."

मी पाणी प्यायले. अजून एक गिलास प्यायले.
ज्या युक्तीपायी माझी चार वर्षं गेली
ती इथे फुकट चालली होती,
फोन न उचलता.

चाळीस मिनिटं म्हणजे दुसऱ्या रिंगपासून
शेवटच्या हमालाला चप्पल सापडेपर्यंत.
परत येऊन हजार मे महिने चालवून पाहिले.
झोप कापली तर वीस मिनिटं वाचतात,
डबे अर्धा तास आधी आले तर जवळजवळ सगळी.
आता डबे साडेबाराला येतात.
उरकुडे म्हणतो, "भूकच नसते जी एवढ्या लवकर."
त्यासाठी माझ्याकडे रकाना नाही.

आज रात्री तिसऱ्याचं घड्याळ
नागभीडच्या रेल्वे फाटकाशी अडलंय.
बाकीचे चार थांबलेत.
मीही.
घरी तीन रिंग देते आणि ठेवते.
लगेच उलटा फोन :
"काय झालं?"