आधी एक फेरी

रामबागेतल्या मागच्या खोलीत
तीन महिने झाले, मी एक धावपट्टी बांधतोय.
सांवेरच्या पुढची, आठशे मीटर, मुरमाची,
आता जिच्यावर सोयाबीन उभं असतं.

उपग्रहाच्या फोटोतून
आधी सावल्या पुसाव्या लागतात,
नाहीतर एका कडुलिंबाला दोन सावल्या पडतात.
पत्र्याचं हँगर, त्याचा गंज,
वाऱ्याचा मोजा, टाचेशी फाटलेला:
हे सगळं शालनआत्याच्या सांगण्यावरून.
अडुसष्ट साली ती इथून एकटी उडाली होती,
घरी टायपिंगचा क्लास सांगून.

"विहीर अलीकडे घे," ती म्हणते.
"बाभळ डावीकडे. अजून. हं."

रामरतन चौकीदार मात्र जमेना.
लायब्ररीत माणूस एकच,
पिवळं जाकीट, हातात दोन दिवे.
मी जाकीट खाकी रंगवलं, खांद्यावर लाल गमछा दिला.
आत्याने चष्मा वर सरकवून पाहिलं.
"पगार वाढलेला दिसतोय ह्याचा."

काल तिने जॉयस्टिक धरली.
बोटं थरथरत होती, विमान नाही.
हरभऱ्यावरून, विहिरीवरून
खाली, आणखी खाली,
चाकं टेकणार
इतक्यात पुन्हा वर.

"चुकलं का गं?"
"नाही रे भिया. आधी एक फेरी मारायची असते.
त्याला गुरं हाकायला वेळ नको?"

आणि एक पंख खाली करून
ती वळत राहिली सावकाश,
खालच्या मोकळ्या पट्टीवर नजर ठेवून.

गुरं मी अजून टाकलीच नव्हती.