छत्तिसावी फेरी

दंडाला पट्टा बांधला, स्पिरिटचा बोळा फिरवला.
बोळा पिवळा झाला.
दुसरा घेतला, तोही.
"यार्डात हमाल हाय," मलगोंडा बिरनाळे म्हणाले,
"चोवीस वर्सं हळदीची पोती. आंघोळीनं जात न्हाई ती."
मग डोळे पिवळे झाले तेव्हा
सांगलीत कुणाला कळणार होतं?
बायकोला वाटलं, धूळ गेली असेल.

नळी गरगरून थांबली. तांबडं खाली बसलं,
वरचा सीरम फिकट गव्हाळ हवा,
होता काढ्यासारखा.
सोनोग्राफीच्या कागदावर: यकृत आक्रसलेलं, कड खडबडीत.
दारू?
"वासबी न्हाई बघा."

कार्डावर तीन थेंब, पंधरा मिनिटं.
उमटली एकच रेघ,
आणि ती तर कार्ड चालतंय एवढंच सांगते.

मग एलायझाची प्लेट, शहाण्णव खळगे,
पाचदा धुवायचे, पाचदा उलटे आपटायचे टिपकागदावर.
घरी ताटंही मी तशीच निथळते, सासू हसते.
शेवटी आम्ल पडलं की निळ्याचं पिवळं होतं,
ज्यात बी आहे त्याचंच.
कंट्रोलचा खळगा झेंडूसारखा पेटला.
बिरनाळ्यांचा पाण्यासारखा.
सगळ्यात पिवळा माणूस बाहेर बाकावर,
आणि त्याचाच खळगा कोरा.

मी निगेटिव्ह लिहून मोकळी झाले असते.
शिकलगार सरांनी कागदावर तळवा ठेवला.
"थांब. कोअरची लाव."

ह्या किटचा कायदा उलटा.
रंग आला तर तो कधी आलाच नव्हता.
रंग नाही आला तर कधीतरी येऊन गेला.
रंग आला नाही.

येऊन गेला, की माळ्यावर लपलाय?
नमुना बर्फात मिरजेला गेला,
रिक्षावाल्याच्या पायाशी, भाजीच्या पिशवीत.
संध्याकाळी मीही गेले, बघायला म्हणून.
पडद्यावर रेषा आडवी. विसावी फेरी. तिसावी.
चहावर साय धरली.
पस्तिसावी.
छत्तिसाव्या फेरीला रेषेनं मान उचलली,
झोपलेलं जनावर हाक ऐकून उचलतं, तशी.

मिलीलिटरमागे साठ-सत्तर.
एवढे दाणे तर पोत्याच्या शिवणीतून सांडतात
आणि कुणी वाकत नाही.

कुठून आला? वस्तरा, सुई, आईचं रक्त?
ते सांगणारं किट आमच्या फ्रिजमध्ये नाही.

"गावलं का काय?"
"गावलं."
"मग बरं झालं. दिसलं की हूक घालता येतो."
खांद्यावर हात गेला त्यांचा, आपोआप,
जिथं पोतं टेकतं तिथं.

घरच्यांना घेऊन या म्हटलं, सगळ्यांचं तपासू.
ज्यांना झाला नाही त्यांना लस.
नावं लिहून घेतली: बायको रत्नव्वा, मुलगी पद्मश्री, धाकटा आदगोंडा.
धाकट्याचं वय?
बोटं मोजली, आठवेना.
"हळद सोळा हजाराव गेली व्हती बघा,
त्या साली."