कालचा निळा

कपात आधी थिनर, मग रंग.
उलट केलंत तर नोझलच्या तोंडाशी गुठळी बसते
आणि रविवार जातो सुई उपसण्यात.

किती थिनर, ते बाटलीवर नसतं.
दुधाइतकं पातळ, एवढंच सगळे सांगतात.
कुठलं दूध, ते कुणी सांगत नाही.
सकाळी पिशवीतून पडतं ते,
की सीबीडीच्या टपरीवर दुपारी चारला उरतं ते?
मी एक थेंब कपाच्या कडेला चढवतो.
उतरताना त्याने मागे झिरझिरीत पडदा ठेवला, तर जमलं.
नुसताच पळाला, तर पाणी.
जागीच बसला, तर साय.

कॉम्प्रेसर नौपाड्यातल्या एका दातांच्या डॉक्टरांचा.
दवाखाना आवरला तेव्हा चार हजारांत दिला.
तो घुरघुरला की शेजारची निधी
अजून गाल धरते.

होडी तिच्या आजोबांची. खरी होडी विकली,
ही प्लास्टिकच्या पट्ट्यांची, बहात्तरास एक.
तांडेल दिवाळ्याहून बघायला आले,
दाराशीच थांबून त्यांनी हवा हुंगली.
"रंग लावतोस म्हणं. मग वास कुठंय?"
ॲक्रिलिकला वास नसतो, मी म्हटलं.
त्यांनी बाटलीकडे असं बघितलं
जसं बर्फातल्या मासळीकडे बघतात.

कपात बघून म्हणाले, "रंगाला पानी पाजतोस?
आमी जाड लावायचो. खारं पानी खातंय."
मी हिशेब सांगितला:
या मापात तुम्ही सव्वादोन सेंटिमीटर, काका.
तुमच्या ब्रशचा एक थर इथे दिला
तर होडीवर बोटभर गिलावा होईल.
त्यांनी होडीला वीत लावली.
करंगळी नाळेच्या पुढे गेली.
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आणि नेमकं तेव्हा मला दाखवायचं होतं.
बाटलीतलं थिनर संपलेलं, कुलूप लागलेलं दुकान तुर्भ्याला.
माळ्यावर पत्र्याच्या डब्यात दाराच्या पॉलिशचं थिनर होतं.
थिनर ते थिनर, म्हटलं. ओतलं.
कपात निळा नासला.
दूध म्हणत होतो ना इतके दिवस.
बारीक बारीक दाणे, वर पिवळसर पाणी,
ट्रिगर दाबला तर नुसती हवा.

मग सगळं उघडलं. कप, टोपी, नोझल,
जे मोहरीपेक्षा लहान असतं
आणि फरशीवर पडलं की फरशीचंच होतं.
सुई मात्र अडकली. मी पक्कड शोधू लागलो.
"थांब," म्हणाले. चाळीस वर्षं जाळी विणलेली बोटं,
त्यांनी सुई न वाकवता सरळ मागे ओढली,
श्वास मागे घ्यावा तशी.
कापसानं पुसली ती टोकाकडे, टोकावरून मागे नाही.
हे मला शिकायला दोन सुया लागल्या होत्या.
कुणी सांगितलं, विचारलं.
"काटाच हाय की," म्हणाले.

धुणं चाललं साडेनऊपर्यंत.
आधी स्पिरिट, मग पाणी, मग परत स्पिरिट,
आणि बोळे, जे निळे यायचे थांबतच नव्हते.
त्यांनी सांगितलं की ते ब्रश कधी नीट धुवायचेच नाहीत,
घराच्या मागच्या दारावर पुसायचे.
दारावर सगळ्या गावाच्या होड्या आहेत,
एकीवर एक.
माझ्याकडे फक्त बरणी आहे,
सहा महिन्यांचं धुवण साठलेलं.
निधीनं ती ट्यूबलाइटसमोर धरली.
लाल, हिरवा, पांढरा, सगळे जाऊन
तळाशी एकच काहीतरी उरलेलं,
ज्याची बाटली मिळत नाही.
"ओहोटी," तांडेल म्हणाले.

होडीच्या बुडाला तोच दिला. ब्रशनं.
त्यांनीच दिला, जाड.
मी मापाबद्दल काही बोललो नाही.

सोमवारी नवीन थिनर आणलं, पांढरा भरला,
टिश्यूवर पहिला फवारा मारला.
सगळं धुतलं होतं, दोनदा.
तरी पांढऱ्याच्या आधी, एक क्षणभर,
कालचा निळा.