उणे ऐंशी

पावणेतीनला फोन: तळघरातला चार नंबरचा फ्रीजर
उणे ऐंशीवरून उणे एकेचाळीसवर आलाय.
न्यूकॅसलचा फेब्रुवारी. टाइन नदीवरून येणारा वारा
सुरीला धार लावून हिंडतोय.
बाहेर एवढी थंडी, आणि आत थंडी कमी पडलेली.
गाउनवरच कोट चढवला. किल्ल्या माझ्याकडे असतात,
विद्या त्यांच्याकडे.

चार नंबरमध्ये तिघांचा संसार. तिघं एकमेकांना ओळखत नाहीत.
वर हेदर चार्लटनचा चिखल,
काठच्या गवताखालून नळीनं उपसलेला;
उभा कापला की चिरोट्यासारखे पदर सुटतात.

मधे फोलाकेच्या शाळेतल्या मुलांचं रक्त,
आणि पुड्यापुड्यांतून दुधाचे दात.
दात गोठवावे लागत नाहीत, सांगून पाहिलं. म्हणते,
रक्त एकीकडे, दात एकीकडे, अशी मुलं हरवतात.
आम्ही कौलांवर फेकायचो. इथे उशीखाली ठेवले की
सकाळी नाणं मिळतं. फोलाकेनं ते आयांकडून मागून आणले,
नाण्याच्या जागी एक स्टिकर, एक फॉर्म.

तळाशी ऑस्विन रॉब्सनची वही.
गेट्सहेडच्या कुठल्याशा गोदामात पाइप फुटला, तेव्हा भिजलेली.
भिजलं पान बुरशी धरायच्या आत गोठवतात,
हे मला या नोकरीत कळलं.
पांढरं शिसं बनवणाऱ्या कारखान्यातल्या बायका, तो सांगतो:
नाव, वय, शिलिंग,
आणि शेवटच्या रकान्यात कधीमधी
आली नाही.

तिघंही आले. एकीच्या पायात गमबूट,
एकीच्या खांद्यावर झोपलेलं पोर,
ऑस्विननं एवढ्या घाईतही टाय बांधलेला.
ट्रॉली एकच. आधी कुणाचं?
रक्त पुन्हा मिळत नाही.
चिखल तरी कुठे मिळतो, तो काठ आता काँक्रीटचा झाला.
त्या बायका तर, ऑस्विन म्हणाला,
आणि चष्मा पुसत राहिला.

मी सगळंच रचलं. एका ट्रंकेत
सात माणसांचं बिऱ्हाड भरणाऱ्या घरातली मी.
अंगणात चाक अडकलं, दिव्याखाली थांबलो,
आणि ऑस्विननं, समोर येईल ते वाचायच्या सवयीनं,
नळीवरची माझी चिठ्ठी वाचली:
शिसं, एकतीस ते चाळीस सेंटिमीटर.

कुठला काठ?
हेदरनं सांगितलं.
फोलाके पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत म्हणाली,
तिथंच माझी शाळा आहे.

काखेत कळसा, अगदी ओठांवर आलं होतं,
पण इंग्रजी करता करता म्हण निवून गेली.
हेदर म्हणाली, घाई नको, एका थरावरून काही सिद्ध होत नाही.
अर्थात, फोलाके म्हणाली, जुने नळ असतील, भिंतीचा रंग असेल.
माझ्याकडे नुसती नावं आहेत, ऑस्विन म्हणाला.
पण ट्रॉलीचा दांडा कुणी सोडेना,
एका माणसापुरता होता तो.

सकाळी तीन तक्रारी आल्या. वेगवेगळ्या, तिन्ही मलाच.
एप्रिलात एक अर्ज: सह्या तीन, कप्पा एक.
मंजुरी अजून नाही.

तोवर मी नव्या चिठ्ठ्या करतेय.
शाई या थंडीत टिकत नाही, म्हणून शिसपेन्सिल.
देवबागला आई हातावर चापट मारायची:
चावू नको गं, शिसं पोटात जाईल.
हेदर हसते. पेन्सिलीत शिसं कधी नव्हतंच,
नुसतं नाव.

असेल.
मी टोक काढते, फुंकर मारते,
आणि जिभेला न लावता
लिहायला घेते.