टाकी क्रमांक चार

शुक्रवारी रात्री दहाला जुना मेल सर्व्हर उतरवायचा.
सूचना तीनदा पाठवली सगळ्यांना,
चौथ्यांदा दूधसंघाच्या दारावर चिकटवली,
कारण पायसांदूत माणसं मेल उघडत नाहीत,
दार उघडतात.

जूनची थंडी. नदीवरचं धुकं
यंत्रांच्या खोलीत शिरू बघतं.
मी कोट घालूनच बसते, तुंब्यात येर्बाचा कडू काढा, मांडीवर वही.
डिस्कवर जागा किती, बॅकअप खरंच परत उघडतो का,
प्रमाणपत्राची मुदत, परवान्याचा कागद कुणाच्या कपाटात.
नवी आवृत्ती सोवळ्यातली आहे,
जुन्याच्या हातचं सगळंच तिला चालत नाही.

एकशे बारा खाती.
सर्वांत जड हिशेबनीस निदियाचं:
नातवंडांचे फोटो, प्रत्येक चार वेळा.
त्याखालोखाल बाल्दोमेरो इतुर्राल्दे.

बाल्दोमेरो दूध तपासायचा.
जाऊन सहा वर्षं झाली. खातं कुणी मिटवलं नाही,
माझ्या आधीच्या माणसानं नाही, मीही नाही.
टाकी क्रमांक चार त्याला अजून
रोज पहाटे तापमान कळवते,
आणि रोज पहाटे त्याचं खातं उत्तर देतं:
सुट्टीवर आहे. सोमवारी भेटू.
टाकीला कुठला सोमवार?

मी हे पुसायलाच निघाले होते. खरंच.
किती जुनं उडवता येईल म्हणून
नुसतं तारखेवार लावून पाहिलं,
तर मार्चपाशी बोट अडलं.
तो गेला त्याच्या पुढच्या वर्षीचा मार्च.
एरवी रात्रीतून एक मेल; त्या रात्री दर अर्ध्या तासाला.

तीन बारा: चार अंश.
तीन बेचाळीस: सात.
चार बारा: अकरा.
सुट्टीवर आहे. सोमवारी भेटू.
सुट्टीवर आहे. सोमवारी भेटू.
सुट्टीवर आहे.

ती रात्र गावाला पाठ आहे.
नऊ हजार लिटर नासलं.
वॉशिंग्टन तेचेराच्या टँकरमध्ये तापलं, असं ठरलं.
उशिरा आला, वाटेत थांबला, प्यायला होता:
जो तो वरून आपली साय धरत गेला.
महिन्याभरात त्याला काढला.

फाटकाच्या वहीत त्याची वेळ आहे: पावणेसहा.
दूध चारलाच गेलं होतं.

नव्या आवृत्तीचा एक प्रश्न असतो:
हलवताना खराब मेल आढळले,
तर किती सोडून द्यायचे? आकडा भरा.
मी शून्य भरलं.

मग तेवढं पान छापलं.
एक प्रत संचालकांना, जुन्याच सर्व्हरवरून, माझ्या नावानं.
ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?
दुसरी घडी करून कोटात.

वॉशिंग्टनचं खातं यादीत नाही.
टँकरवाल्यांना मेल देत नाही आपण,
कधी दिलाच नव्हता.
रुळांपलीकडे राहतो, पहारेकरी म्हणाला, निळं फाटक,
कुत्रं आहे, पण चावत नाही.

बॅकअप चालू आहे. चौदा टक्के.
बाहेर अंधार पडलाय,
आणि माझ्या सायकलला दिवा नाही.