खिडकी क्रमांक चार

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात
आभाराची पत्रं माझ्या टेबलावर येतात.
नियम साधा आहे: पत्र मिळाल्याशिवाय
पैसे खात्यात जात नाहीत.
दोनशे शब्द, कागदाची एकच बाजू,
देणगीदाराचं आडनाव नीट तपासून.

सतरा वर्षं मी ती वाचते आहे.
'आपल्या औदार्यामुळे' हा शब्द
एकाच साच्यातून पडलेल्या विटेसारखा
प्रत्येकाच्या पायात घातलेला असतो.
त्यावर मग स्वप्नं, समाजसेवा, आपला नम्र.
मी शिक्का मारते. ओमाहाच्या उन्हात
टपालाची गाडी येते, जाते.

न्यालुआक गाटवेचचं पत्र मी दोनदा परत पाठवलं.
पहिल्यांदा ते लांब होतं.
दुसऱ्यांदा औदार्य नव्हतं.
तिसऱ्यांदाही नव्हतं,
पण मुदत संपत आली होती.

तिनं लिहिलं होतं:

माझी आई मांसाच्या कारखान्यात रात्रपाळी करते.
सकाळी तशीच, रबरी बुटांसकट, रांगेत उभी राहायची.
मी नऊ वर्षांची, तिची दुभाषी.
काचेला एक गोल भोक होतं,
मोठ्या माणसांच्या तोंडाच्या उंचीवर.
मी टाचा उंचावून बोलायचे.
पलीकडून आवाज यायचा: कागद अपुरे आहेत.
नुएर भाषेत 'अपुरे'ला काय म्हणतात
मला ठाऊक नव्हतं.
मी आईला सांगायचे, तो म्हणतोय, उद्या या.
आई रोज उद्या जायची.
होराचेकबाई, तुमचे यजमान
अशाच खिडकीमागं एकोणतीस वर्षं होते, असं पत्रकात वाचलं.
मला त्या काचेच्या पलीकडं बसायचं आहे.
आणि ते भोक
थोडं खाली घ्यायचं आहे.

बस्स. खाली सही.
मी दोनशे शब्द मोजले, भरत नव्हते.
तरी लिफाफा बंद केला.

देणगीदार सहसा उत्तर देत नाहीत.
नाताळात एखादं कार्ड, किंवा मृत्युपत्राबद्दल वकिलाचा फोन.
विल्बर गावाहून चार पानं आली,
थरथरत्या, जुन्या वळणाच्या अक्षरात.

मुली, एमिल प्रेमळ नव्हता.
पत्रकात छापलंय ते तुमच्या कॉलेजनं लिहिलं.
खिडकी क्रमांक चार. 'पुढचे!' हा शब्द तो
झोपेतही ओरडायचा.
एका बाईला त्यानं तीन खेटे घालायला लावले,
जन्मदाखल्यावर एक अक्षर चुकलं होतं म्हणून.
चौथ्यांदा ती आलीच नाही.
निवृत्तीनंतर तो रोज दुपारी
फाटकाशी उभा राहायचा, कुणाची वाट पाहावी तसा.
कुणाची, ते मी विचारलं नाही.
हे पैसे त्याच्या शिलकी रजेचे आहेत.
एक दिवस आजारी पडला नाही गं तो,
एक दिवस खिडकी बंद ठेवली नाही,
आणि उघडी तरी कुठे होती!
दान म्हणू नकोस. आभार तर नकोच.

शेवटच्या पानावर माझ्यासाठी दोन ओळी होत्या:
पुढच्या वर्षापासून मुलांकडून पत्र मागू नका.
त्याऐवजी विचारा, तुम्ही कोणत्या रांगेत,
किती वेळ उभे होतात.

मी ते पान उलटं ठेवलं.
माझ्या टेबलासमोर काच नाही,
हे मी मुद्दाम पाहून घेतलं.
फक्त एक ट्रे आहे, तिच्यात
परत पाठवायची सात पत्रं,
पेन्सिलीनं माझ्याच अक्षरात शेरे: लांब. लांब.
आडनाव चुकलं. औदार्य?

न्यालुआकचा पहिला हप्ता काल जमा झाला.
साडेबाराशे डॉलर; लोकप्रशासन, प्रथम वर्ष.
होराचेकबाईंची सूचना मी वर कळवली.
फॉर्मवर तशी चौकट नाही, असं उत्तर आलं.
सप्टेंबरच्या बैठकीत पाहू, म्हणाले.

म्हणजे,
उद्या या.